नवसाबाईंचे दोन माफीनामे

नवसाबाई तिडके गॅस एजन्सीत पहिल्यांदा आल्या त्या झेंडूच्या माळांची पाटी घेऊन. साल एक्क्याण्णव. इंदिरानगरात तेव्हा रस्त्याच्या एका अंगाला नवे बंगले आणि दुसऱ्या अंगाला कोबीचे वाफे असा प्रकार होता. फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदार सावळीराम आहेरांना तिथे एजन्सी मिळाली होती आणि उद्घाटनाच्या माळा मखमलाबादच्या केरू माळ्याच्या मळ्यातून यायच्या होत्या. नवसाबाई केरूची लेक. आई कुसाबाई तापाने पडली होती, म्हणून माळा पोचवायला त्या सासरहून मुद्दाम आल्या होत्या.

दुकानासमोर दीडदोनशे माणसं जमली होती. आजच टाक्या वाटणार अशी कुणीतरी आवई उठवली होती. काउंटरवरचा कारकून सगळ्यांना एकच वाक्य ऐकवत होता, "नियमाप्रमाणे होईल," आणि त्या वाक्यागणिक गर्दी जास्तच चिडत होती. शेवटी तो आतल्या खोलीत गेला आणि बाहेर येईना. नवसाबाईंना दारातून आत जायलाच जागा मिळेना. त्यांनी पाटी खाली ठेवली आणि पुढच्या म्हाताऱ्याला म्हणाल्या, "बाबा, टाकी आज मिळणार नाही. आज नुसती पूजा आहे. पण तुमचं नाव लिहून घेतल्याशिवाय कुणी तुम्हाला परत पाठवणार नाही. सावलीत बसा तुम्ही." मग त्याच्या मागच्याला. मग त्याच्या मागच्याला. फुलबाजारात आईशेजारी बसून त्यांना एवढं कळलं होतं, की 'नाही' म्हणायचं असेल तर माणसाच्या तोंडाकडे बघून म्हणावं.

सुभेदार पूजेच्या पाटावरून हे बघत होते. ते बागलाणातले. मन लावून बोलायला लागले की त्यांची अहिराणी बाहेर पडायची.

"तुनं नाव काय शे, पोरी?"

"नवसा."

"लिहिता येतं?"

"दहावी पास आहे."

"मग उद्यापासून ये. त्या आतल्या माणसाला मी घरी पाठवतो."

त्या काळी गॅसची नवी जोडणी मिळायला माणसं वर्षानुवर्षं थांबत. काउंटरवर येणारा प्रत्येक जण काहीतरी गाऱ्हाणं घेऊनच यायचा. लेकीचं लग्न आहे, आई अंथरुणाला खिळली आहे, स्टोव्हचा भडका उडाला. नवसाबाईंच्या हातात काहीच नव्हतं. होता फक्त एक नंबर, आणि तो पुढे सरकवायचा अधिकार त्यांना नव्हता. सुभेदारांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. रांग एकच. आणि समोरचा ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत बोलायचं.

दुसरी गोष्ट अवघड होती. नवसाबाईंना मराठीशिवाय काही येत नव्हतं आणि समोर तर अख्खा देश उभा राहायचा. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतले बिहारी, उत्तर प्रदेशी कामगार, सुटे भाग विकणारे गुजराती, सरकारी नोकरीतले मद्रासी, लष्कराच्या छावणीतून आलेल्या पंजाबी बायका. सुभेदारांनी त्यांना आपली फौजी हिंदी शिकवली. ती बोलताना नवसाबाईंच्या तोंडून काहीतरी वेगळंच बाहेर पडायचं. "गाडी गयेली है, शाम को आयेगी तो वाळूभाऊ देके जायेगा, तुम घर में रुकना, हां?" एक तमिळ बाई यायच्या, त्यांचीही हिंदी अशीच. दोघी एकमेकींशी इतकी मोडकी हिंदी बोलत की टाक्या पोचवणारा वाळू ऐकत उभा राहायचा आणि हसून हसून बेजार व्हायचा. पण काम व्हायचं. त्या तमिळ बाई पाच वर्षं इथे होत्या आणि एकदाही त्यांची टाकी चुकली नाही.

वाळू सुरगाण्याचा. घाटाखालच्या, डोंगरातल्या बायका कामासाठी शहरात येत, त्यांचं बोलणं नवसाबाईंना कळत नसे, तेव्हा वाळू मध्ये पडे, आणि ऐकून ऐकून तेही थोडं कळायला लागलं. अहिराणी सुभेदारांमुळे कळायला लागली. गुजराती, पंजाबी नुसती ऐकून. दहा वर्षांत नवसाबाई सहा भाषांमध्ये 'उद्या या' म्हणायला शिकल्या होत्या आणि एकाही भाषेत त्यांना ते म्हणायला आवडत नव्हतं.

थकवा कधी सुरू झाला ते त्यांना सांगता आलं नसतं. आधी पाय सुजायला लागले. मग संध्याकाळी घसा बसायला लागला. घरी आल्या की त्या चहा टाकून गप्प बसत. नवरा गोटीराम अंबडच्या एका कारखान्यात टर्नर होता. तो म्हणायचा, "दिवसभर लोकांशी बोलतेस आणि घरी आलीस की मुकी होतेस." त्या नुसत्या मान हलवत. खरंच होतं ते. दिवसाचं बोलणं तिथेच संपून जायचं.

दोन हजार एकमध्ये गोटीरामची नोकरी गेली. कंपनीने कायमची माणसं कमी केली आणि ठेकेदाराची माणसं घेतली. ती माणसं बहुतेक बाहेरची, निम्म्या पगारात दुप्पट वेळ राबणारी. गोटीराम त्यानंतर एका वर्कशॉपमध्ये मिळेल तेव्हा जाऊ लागला. त्याच्या मनात काहीतरी घट्ट बसलं. जेवताना तो विचारायचा, "आज किती भय्ये आले तुझ्या काउंटरवर?"

"मोजत नाही मी," नवसाबाई म्हणायच्या.

"मोजत जा एकदा. मग कळेल गाव कुणाचं झालं ते."

त्यांची एकुलती एक लेक भाग्यश्री तेव्हा कॉलेजात होती. ती पुस्तकातून मान वर करायची आणि दोघांकडे बघून परत खाली घालायची.

दोन हजार चार साली सुभेदारांनी एजन्सी मुलाच्या हाती दिली. मुलगा दीपक पुण्याला शिकून आला होता. वाईट नव्हता. त्याने आल्या आल्या पंखा बदलला, नवसाबाईंना पाठ टेकायला नीट खुर्ची दिली, रांगेसाठी टोकन आणली. काउंटरवर काच बसवली, तिला बोलायला आणि पुस्तक सरकवायला गोल भोक. मग मुंबईहून एक शिकवणारी मुलगी बोलावली. ती दोन दिवस ग्राहकसेवा शिकवत होती. तिने सांगितलं, की फोनवरसुद्धा हसायचं, कारण हसणं ऐकू येतं. नवसाबाईंनी वहीत लिहून घेतलं, 'हसणे. ऐकू येते.' शेवटी सगळ्यांना एक कागद मिळाला. कुणीही आलं की आधी "गुड मॉर्निंग, मे आय हेल्प यू" म्हणायचं. मग हिंदीत बोलायचं.

"आणि मराठी?" नवसाबाईंनी विचारलं.

दीपक म्हणाला, "ताई, मराठी माणसाला हिंदी कळते. हिंदीवाल्याला मराठी कळत नाही. नव्या बिल्डिंगांमध्ये बघा कोण राहायला आलंय. सगळ्यांना चालेल अशी एक भाषा ठेवली की कटकट नको. हेच प्रोफेशनल."

दुसऱ्या दिवशी पाथर्डी गावच्या रंगूबाई गॅसचं पुस्तक घेऊन आल्या. बारा वर्षांच्या ओळखीच्या. नवसाबाईंनी काचेच्या भोकातून म्हटलं, "गुड मॉर्निंग, मे आय हेल्प यू." रंगूबाई दचकून मागे सरल्या. त्यांनी काचेतून नीट निरखून बघितलं.

"आगं नवसा, तूच हायेस ना? मला वाटलं दुसरीच कोन बसलीया. बरी हाय का तू?"

"बरी आहे, मावशी. नंबर लावायचा का?"

"लाव बाई. आनं तसं नको बोलू, लय भ्या वाटतं."

आतून दीपकने ऐकलं होतं. त्याने संध्याकाळी काही म्हटलं नाही, पण तो कागद काचेच्या आतल्या बाजूला, नवसाबाईंच्या डोळ्यांसमोर चिकटवून टाकला.

फोनवर तर गंमतच व्हायची. पलीकडून कुणीतरी म्हणायचं, "हॅलो, मेरा टाकी खतम हुवा है." नवसाबाई म्हणायच्या, "आपका पुस्तक का नंबर बोलिये." "एक मिनिट हां, चष्मा किधर रख्या..." असं पाच मिनिटं चालायचं, आणि पत्ता लिहून घेताना आडनाव कळायचं. जगताप. किंवा शिरसाठ. मग पलीकडचे गृहस्थ ओशाळून म्हणायचे, "अहो, मग मराठीत बोला ना." काही जण ओशाळायचे नाहीत, रागवायचे. रागावलेल्यांचं नवसाबाईंना वाईट वाटत नसे. त्यांचं बरोबरच होतं. पण कागद डोळ्यांसमोर होता आणि पुढचा फोन वाजत होता.

सहा साली भाग्यश्रीचं लग्न झालं, ती सिन्नरला गेली. त्याच वर्षी गंगापूर रोडच्या एका घशाच्या डॉक्टरने नवसाबाईंना सांगितलं, की स्वरयंत्रावर गाठी आल्या आहेत, दोन महिने एक शब्द बोलू नका. "काम काय करता?" त्याने विचारलं. "बोलायचंच," त्या म्हणाल्या. डॉक्टर हसला. त्यांनी गोळ्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या.

मग दोन हजार आठचा फेब्रुवारी आला. शहरात परप्रांतीयांना मारहाण सुरू झाली. कारखान्यांच्या आसपासच्या खोल्या रिकाम्या होऊ लागल्या आणि नाशिकरोड स्टेशनवर बोचकी घेऊन माणसं बसलेली दिसायला लागली. काउंटरवरची रांगही बदलली. कुणी मोठ्याने बोलेना. हिंदी बोलणारे मागे बघून बोलायचे.

त्या सोमवारी खुराना नावाच्या एक बाई आल्या. गंगापूर रोडवरून इकडे फ्लॅट बदलून आलेल्या, पत्ता बदलायचा होता. नवसाबाईंचा घसा सकाळपासून धरला होता. शब्द वाचवत त्या काम करत होत्या आणि थकलेल्या माणसाच्या तोंडी जी भाषा आधी येते तीच त्यांच्या तोंडी आली.

"बाई, पुस्तक आणलंय का?"

खुराना बाईंचा चेहरा एकदम बदलला. "बाई? बाई किसको बोला? मैं तुम्हारी बाई हूँ?"

नवसाबाईंना कळेचना. त्यांनी पुन्हा, जास्त नम्रपणे म्हटलं, "नाही बाई, तसं नाही..." आणि काम आणखी बिघडलं. त्या बाई दीपकच्या खोलीत गेल्या. त्या म्हणाल्या, आठ दिवस झाले नवरा मला भाजीलासुद्धा एकटी जाऊ देत नाही, आणि इथे ही बाई मुद्दाम मराठीत बोलून मला मोलकरीण म्हणते. त्यांनी तक्रारवहीत इंग्रजीत पानभर लिहिलं.

दीपकने नवसाबाईंना आत बोलावलं.

"ताई, हिंदीत 'बाई' म्हणजे कामवाली. तुम्हाला माहीत नव्हतं का?"

नवसाबाई विचारात पडल्या. माहीत होतं तसं. पण शाळेत ज्यांनी लिहायला शिकवलं त्या बाई होत्या. आईला अख्खा बाजार कुसाबाई म्हणायचा. त्यांच्या स्वतःच्या नावातच बाई होती. माणसाला मान देण्यासाठी याहून जवळचा शब्द त्यांच्याकडे नव्हता.

"मी मान दिला होता," त्या म्हणाल्या.

"मला कळतंय. पण वातावरण बघा. त्या वर कंपनीकडे जाते म्हणतात." त्याने एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. इंग्रजी.

"यात काय म्हटलंय?"

"तुम्ही त्यांचा अपमान केला आणि त्याबद्दल तुम्ही दिलगीर आहात."

"पण मी केलेला नाही."

"ताई, हे फक्त लिहायचं असतं. मनाला लावून घेऊ नका."

नवसाबाईंनी सही केली. मराठीत. खुराना बाईंनी कागद घेतला, घडी घातली, आणि जाता जाता काचेपाशी थांबल्या. मग निघून गेल्या.

गुरुवारी सकाळी रामनवल आला. अंबडला वेल्डर होता, चौदा वर्षं या एजन्सीचा ग्राहक. सायकलला टाकी बांधलेली, पिशवीत रेग्युलेटर. तो शहर सोडून आपल्या गावी चालला होता. टाकी जमा केली की ट्रान्सफरचा कागद मिळतो. तो दाखवला तर तिकडे त्याच्या गावाजवळच्या एजन्सीत परत जोडणी मिळणार होती. कागद नसेल तर सगळं पहिल्यापासून. त्याचं टोकन सतरा. बायको-मुलं स्टेशनवर बसली होती.

"दीदी, जरा जल्दी हो जाता तो," तो अगदी हळू म्हणाला.

"होईल... हो जायेगा. पुस्तक दो." नवसाबाईंनी पुस्तक घेतलं आणि कार्डांच्या खणातून त्याचं कार्ड काढायला घेतलं.

तेवढ्यात आठदहा पोरं आत आली. रांगेतली माणसं भिंतीला लागली. पुढे होता तो स्वराज, नवसाबाईंच्या गल्लीमागच्या बोळातला. एकाच्या हातात मोबाइल, तो चित्रण करत होता. स्वराजने काचेवर पंजा आपटला.

"या काउंटरवर हिंदी बोलतात अशी तक्रार आहे. हे महाराष्ट्रातलं ऑफिस आहे. मावशी, तुम्ही मराठी ना?"

"मी कोण ते तुला माहीत आहे, स्वराज."

"मग याच्याशी हिंदीत का बोलताय? आणि मराठी माणसं मागे उभी ठेवून याचं काम आधी का?" त्याने रामनवलच्या खांद्याला धरून त्याला बाजूला केलं. बाहेर कुणीतरी सायकलला लाथ घातली. टाकी दणकन फरशीवर पडल्याचा आवाज आला आणि रांगेतली एक बाई किंचाळली.

रामनवल हलला नाही. त्याने काचेच्या भोकाशी वाकून म्हटलं, "ताई, माझं राहू द्या. मी नंतर येतो. तुम्हाला उगाच त्रास नको."

स्वच्छ मराठी. अंबडच्या चाळीत बोलतात तशी. नवसाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. चौदा वर्षं त्या या माणसाशी आपली मोडकी हिंदी बोलत आल्या होत्या, आणि त्या बोलतात म्हणून तोही. एकदाही दोघांपैकी कुणी विचारलं नव्हतं. स्वराजही क्षणभर गोंधळला. मग त्याचा आवाज आणखी चढला, जसा गोंधळलेल्या माणसाचा चढतो. "मराठी येतं ना तुला? मग बोलत का नव्हतास?"

दीपक हात जोडूनच बाहेर आला. तो सगळ्यांना साहेब म्हणत होता. स्वराजने मागणी सांगितली. या बाईंनी लिहून द्यायचं, की आजवर हिंदीत बोलले ही चूक झाली, यापुढे फक्त मराठीत बोलेन. आणि ते मोबाइलसमोर वाचायचं.

दीपक काचेशी आला. "ताई, देऊन टाका. विषय संपू द्या."

नवसाबाईंना त्या वेळी राग आला नाही, असं त्यांनी नंतर गोटीरामला सांगितलं. नुसतं बसावंसं वाटलं. बसलेल्याच होत्या त्या, तरी आणखी कुठेतरी खाली बसावंसं. समोर दीपकचा चिकटवलेला कागद होता, त्याच्यापलीकडे स्वराजचा पंजा, आणि दोघांच्या मधून रामनवलचं तोंड दिसत होतं.

"लिहिते," त्या म्हणाल्या. घसा इतका बसला होता की सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. "पण सतरा नंबरचा कागद माझ्या हातात आहे. तो पुरा करते, मग तुमचा."

"आधी आमचा," मोबाइलवाला म्हणाला.

"दोन कागद मला एका वेळी जमत नाहीत. चूक झाली तर परत लिहावं लागेल. तुम्हालाच उशीर होईल."

त्यात उद्धटपणा नव्हता. सतरा वर्षं त्या हेच, याच सुरात सांगत आल्या होत्या, आणि तो सूर ऐकला की माणसं आपोआप थांबायची. स्वराजही थांबला. नवसाबाईंनी वाळूला हाक मारली. वाळूने बाहेर जाऊन टाकी उचलून आणली, फिरवून बघितली, मान हलवली. त्यांनी रेग्युलेटर तपासला, कार्डावर तारीख घातली, ट्रान्सफरचा कागद भरला. गावाचं नाव विचारलं, मराठीत. रामनवलने सांगितलं, मराठीत. त्यांनी शिक्का मारला, त्यावर फुंकर घातली आणि कागद भोकातून बाहेर दिला.

"नीट जा. मुलांना सांभाळा."

"येतो, ताई," तो म्हणाला. पोरांनी त्याला वाट दिली.

मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि माफी लिहिली. अक्षर चांगलं होतं त्यांचं. 'मी काउंटरवर हिंदी भाषेत बोलले याबद्दल क्षमा मागते.' मोबाइलसमोर वाचताना अर्धे शब्द फुटलेच नाहीत. मोबाइलवाला म्हणाला, मोठ्याने. त्या म्हणाल्या, येत नाही. स्वराजने कागद घेतला. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. "मावशी, तुमच्यावर राग नाही आमचा," तो म्हणाला आणि निघून गेला.

त्यांनी अठरा नंबर पुकारला. आवाज आला नाही, म्हणून बोटांनी खूण केली.

घरी बातमी आधीच पोचली होती. गल्लीतल्या दोघीतिघींनी ते चित्रण पाहिलं होतं. एक म्हणाली, बरी खोड मोडली तुमच्या साहेबाची. दुसरी म्हणाली, काय वेळ आणली हो तुमच्यावर. गोटीराम ओट्यावर बसला होता. नवसाबाई आत गेल्या, पाय धुतले, चहा टाकला.

"त्या भय्यासाठी एवढं अडून बसायची काय गरज होती?" तो मागून म्हणाला. "त्याच लोकांनी माझं काम नेलं."

"मी त्याचा कागद वाचला," त्या कुजबुजल्या. "त्यावर तुमचं काम लिहिलेलं नव्हतं."

पुढे त्यांना बोलताच आलं नाही. चार दिवसांनी त्या आपणहून डॉक्टरकडे गेल्या आणि दोन महिन्यांची रजा टाकली. दीपकने लगेच मंजूर केली. त्याला सुटल्यासारखं झालं, आणि त्यांना त्याचा रागही आला नाही.

ते दोन महिने घरात विचित्र गेले. नवसाबाई पाठकोऱ्या कागदांवर लिहायच्या. 'मीठ संपले.' 'भाग्यश्रीला फोन करा.' बाकी शांतता. आणि त्या शांततेत गोटीराम बोलायला लागला. आधी वर्कशॉपबद्दल, मग कारखान्याबद्दल. सात वर्षांत त्याने जे एकदाही काढलं नव्हतं ते एका दुपारी कांदा चिरता चिरता काढलं. शेवटच्या महिन्यात त्यालाच ठेकेदाराच्या पोरांना लेथ शिकवायला लावलं होतं. आपल्या जागेवर येणाऱ्याला आपणच शिकवायचं. एक बलियाकडचा पोरगा होता, सुखारी नावाचा. हात चांगला होता त्याचा. शेवटच्या दिवशी तो पाया पडला होता.

"मी पाय मागे घेतला," गोटीराम म्हणाला. "सगळ्यांसमोर."

तो कांदा चिरत राहिला. "तोही गावी गेला असेल आता," तो म्हणाला.

नवसाबाईंनी पेन्सिल उचलली होती. त्यांनी ती खाली ठेवली, त्याच्या हातातली सुरी घेतली आणि उरलेला कांदा आपण चिरला.

मेमध्ये त्या कामावर परत गेल्या. आवाज आला होता, अर्धा. काउंटरवर निकिता नावाची नवी मुलगी बसली होती. दीपकने नवसाबाईंना आतल्या खोलीत, जुन्या कार्डांच्या कपाटापाशी जागा करून दिली होती. "तुमच्या घशाला बरं," तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. काचेवरचा जुना कागद गेला होता. त्या जागी 'येथे मराठीत बोलले जाते' अशी छापील पाटी आली होती. निकिता पाटीखाली बसून फोनवर हिंदी बोलायची.

पावसाळ्यानंतर गेलेली माणसं हळूहळू परतायला लागली. कारखान्यांना माणसं हवीच होती. ट्रान्सफरचे कागद उलट्या दिशेने येऊ लागले, आणि नवसाबाई एकेकाचं जुनं कार्ड शोधून काढायच्या. रामनवलचं कार्ड कुणी मागितलं नाही. दीडएक वर्ष त्या अशाच आत बसून होत्या. पुढे फोनवर नंबर लावायला यंत्र येणार असं बोललं जाऊ लागलं, आणि निकिता दुसरी नोकरी बघायला लागली.

त्याच सुमारास एका दुपारी निकिता आत आली.

"ताई, बाहेर एक मावशी आल्यात. मालकिणीचं पुस्तक घेऊन. काय बोलतात काही कळत नाही. सुरगाण्याकडच्या वाटतात. वाळूकाका गाडीवर गेलेत."

"चिठ्ठी आहे का बरोबर?"

"नाही. मघापासून नुसत्या उभ्या आहेत. मी हिंदीत पण विचारलं."

नवसाबाईंनी चष्मा काढून कार्डांवर ठेवला. डोळे चोळले. मग टेबलाला धरून उठल्या आणि निकिताच्या मागून बाहेर गेल्या.